कपाटाची किल्ली कुणाकडे?

या महिन्यात टपालाने आणि मेलवर मिळून शाळेच्या लायब्ररीवरचीच पत्रं जास्त आलीत, जून जवळ आला की दरवर्षी असंच होतं. चार निवडलीत. पहिल्याचं उत्तर जरा जास्तच लांबलंय, पण ३१ वर्षं शाळेत ग्रंथपाल म्हणून काढल्यावर या विषयावर तोंड आवरत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला एक खरी जागा घेऊन तिचं रीडिझाइन करायचंय, नुसतं कागदावर नाही, प्रत्यक्ष. मी माझीच जुनी शाळा घेतली. नदीकाठचं गाव, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. लायब्ररी पहिल्या मजल्यावर आहे, खोली २० बाय २५ फूट, सहा लोखंडी कपाटं (दोन काचेची), चार लांब टेबलं आणि बाकं. रजिस्टरला ३,२०० पुस्तकं. माजी विद्यार्थ्यांनी ६० हजार जमवून दिलेत. मी रेंडर (संगणकावरची चित्रं) केले, एका भिंतीला झाडाच्या आकाराचं शेल्फ, षटकोनी खण, बीनबॅग, छताला रंगीत दिवे. मुख्याध्यापक सर छान आहे म्हणाले आणि फाईल ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. आणि लायब्ररीचा चार्ज ज्यांच्याकडे आहे त्या मॅडम (शिकवतात हिंदी, हा चार्ज जादाचा) म्हणाल्या, "तू झाड कर नाहीतर जंगल कर, कपाटाला कुलूप राहणारच." मला तिथेच रडू आलं. माझं नक्की चुकलं कुठे? आणि डेवी डेसिमल (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) लावू का? भिंतींना रंग कुठला देऊ?
— डिझाइनची विद्यार्थिनी, जि. कोल्हापूर

उत्तर: अगं रडतेस कशाला, त्या मॅडमनी तुला अख्खं प्रोजेक्ट एका वाक्यात सांगून टाकलंय, फक्त ते रागाच्या सुरात आलं म्हणून तुला टोमणा वाटला.

शाळेत लायब्ररीचा चार्ज देतात म्हणजे काय देतात, तर एक किल्ली आणि दाखल रजिस्टर. वर्षाच्या शेवटी मोजणी होते, पुस्तकं कमी भरली की विचारतात कुणाला, तर ज्याच्या सहीने चार्ज घेतलाय त्याला. स्वतःच्या खिशातून पुस्तकं भरून दिलेल्या बाई मी पाहिल्यात, त्यांना तुम्ही मुलांना पुस्तकं द्या हो म्हणून सांगायला मला कधी तोंड झालं नाही. गंमत बघ, हरवलेलं पुस्तक शिक्षकाला भोवतं पण वीस वर्षं कुणी हात न लावलेलं पुस्तक कधीच कुणाला भोवत नाही. मग कुलूप लागणार नाही तर काय होणार. तुझं झाडाचं शेल्फ उघडं आहे, म्हणजे त्या मॅडमच्या दृष्टीने तू त्यांच्या पगाराला भोक पाडतेयस, आणि वरून त्यांना विचारतेयस की भोक षटकोनी हवं का.

तेव्हा डिझाइनचं पहिलं काम सुतारकामाचं नाही, एका ठरावाचं आहे. केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स आहेत, २०१७ चे, त्यात ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या पडताळणीचा एक नियम आहे, तो प्रिंट काढून घे. त्यात सरळ म्हटलंय की वर्षभरात दिल्या-वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरावं, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या ऑफिसांसाठीचा आहे, तुझ्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही, पण शाळा समितीपुढे ठेवायला याच्याइतका वजनदार कागद दुसरा नाही. दिल्लीवाले जर म्हणतायत की वापर झाला की थोडी घट होणारच, तर आपल्या समितीला तसाच ठराव करायला काय हरकत आहे? समज वर्षाला ४,००० वेळा पुस्तकं बाहेर गेली, तर २० पुस्तकांची घट शाळेची, मॅडमची नाही. हे लेखी झालं की कुलूप अर्धं उघडलं म्हणून समज. तुझ्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड हीच ठेव, रेंडर नंतर.

आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि इतके कंटाळले की मला परत शिकवायला घ्या म्हणून मागे लागले. मग त्यांना इंग्लंडला शिकायला पाठवलं आणि पुढे हाच माणूस आयुष्यभर ग्रंथालयातच रमला. १९३१ साली त्यांनी पाच नियम मांडले, त्यातला पहिला एवढाच, की पुस्तकं वापरासाठी आहेत. हे काय सांगायचं, असं वाटतं ना? पण त्यांनी तिथे युरोपातल्या साखळीने बांधलेल्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि ग्रंथालयाची जागा, उघडं राहण्याची वेळ, फर्निचर, माणसं हे सगळं त्या एका नियमाखाली घेतलं. आपलं लोखंडी कपाट म्हणजे त्या साखळीचीच नात आहे.

आता दुसरं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की एक आठवडा लायब्ररीत नुसती बस, टेप काढू नकोस, लॅपटॉप उघडू नकोस. आणि त्या दोन काचेच्या कपाटांच्या काचा पुसायच्या आधी उजेडात तिरक्या बघ. आमच्या शाळेत मी एकदा बघितल्या होत्या. साधारण साडेतीन ते चार फुटांवर बोटांचे ठसे नुसते थापलेले, मध्ये दोन ठिकाणी कपाळ टेकवल्याचे तेलकट डाग, आणि त्यांच्या बरोबर आत गोष्टींचा खण. वरचे दोन खण मात्र काच कशी नवीकोरी, आत संतवाङ्मय आणि शिक्षकांची संदर्भ पुस्तकं. सहावीतला एक मुलगा मान आडवी करून नावं वाचायचा आणि त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली की शर्टाच्या बाहीने पुसायचा. कुठल्या उंचीला काय ठेवायचं ते मला त्या काचेने शिकवलं, कुठल्या कोर्सने नाही.

आता आकडेमोड, ही कुणी करत नाही आणि मग रॅक उरतात नाहीतर पुस्तकं उरतात. शाळेतली आपली मराठी पुस्तकं बारीक असतात, एका फुटात साधारण २५ बसतात. ३,२०० म्हणजे १२८ फूट लांबीची फळी. पण ३,२०० खरी नाहीतच, पैज लाव. आधी चाळण लाव. महाराष्ट्राचे जिल्हे ३५ लिहिलेत का बघ, पालघर २०१४ च्या ऑगस्टमध्ये ३६ वा झाला. भारताच्या नकाशात तेलंगणा नाही, बाद. प्लूटो नववा ग्रह, बाद, ती गोष्ट २००६ लाच संपली. गेलेल्या अभ्यासक्रमाची गाईडं, विंडोज ९८ शिका वगैरे, बाद. वाळवीने खाल्लेली तर काय विचारायलाच नको. समज १,८०० उरली, म्हणजे ७२ फूट. रॅक कधीही गच्च भरायचा नाही, चौथा हिस्सा रिकामा हवा, मुलांना पुस्तक ओढून काढता आलं पाहिजे आणि कसंबसं का होईना परत खुपसता आलं पाहिजे, म्हणजे फळी हवी ९६ फूट. तीन फुटी रॅक, चार फळ्यांचा, असे आठ पुरतात. २४ फूट भिंत झाली. तुझ्या खोलीला दारं-खिडक्या सोडूनही त्याच्या दुप्पट भिंत मिळेल, म्हणजे मधली सगळी जागा मोकळी! बघ, झाड न करता किती जागा निघाली.

रॅक साडेचार फुटांच्या वर नको, पाचवीचं पोर असतंच केवढं. फळी तीन फुटांपेक्षा लांब केलीस तर १८ मिमी प्लायलाही दोन वर्षांत झोळ येतो, मग मधे टेकू द्या आणि फोटो खराब करा. फळीची खोली १० इंच बास, त्याहून खोल केलं की पुढच्या रांगेमागे दुसरी रांग लपते आणि मागची पुस्तकं थेट पुढच्या पिढीलाच सापडतात. षटकोनी खणाबद्दल एवढंच सांगते की पुस्तक चौकोनी असतं.

पातळ पुस्तकांचं वेगळं बघावं लागेल. २४ पानी, पिन मारलेलं बालपुस्तक, त्याला कणाच नसतो, नाव छापायचं कुठे? उभं लावलं की नुसती कागदाची थप्पी दिसते. अशी पुस्तकं तोंड पुढे करून लावायची. भिंतीला दोन इंची पट्ट्या मारून घे, नाहीतर पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ कर, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर मस्त चाललंय. रोज नाही पण आठवड्याला पुस्तकं बदलायची, तेवढं सातवीच्या मुली हौसेने करतात.

वजनाचं तू आय एस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीने किती भार पेलायचा त्याच्या भारतीय मानकात, वाचलंच असशील. वर्गखोलीचा स्लॅब चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरून करतात, म्हणजे ढोबळ ३०० किलो, आणि पुस्तकांच्या रॅकांनी भरलेली खोली असेल तर धरतात ६. म्हणून पहिल्या मजल्यावर उंच रॅक खोलीच्या मधे रांगेने उभे करायचे नाहीत, बुटके आणि भिंतीलगत. कुणीतरी तुला सांगेलच की मग लायब्ररी सरळ तळमजल्यावर आण. अजिबात आणू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुमच्याकडचाच ना, खालच्या खणातली पुस्तकं फुगून कपाटाची दारं उघडेनात अशी गत झाली होती लोकांची. वरच राहा, पण हलकं राहा. आणि रॅक भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं अंतर ठेव, ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतूनच येतात. तेवढं ठेवून वरून एल अँगलने भिंतीला बांध मात्र, पोरं चढतात.

बीनबॅग नको गं. वर्षभरात शिवण उसवते आणि आतले थर्माकोलचे दाणे दहावीच्या निकालापर्यंत सापडत राहतात, शिवाय ६० मुलांत चार बीनबॅग म्हणजे भांडणाला आमंत्रण. चटई, जाड सतरंजी, भिंतीला टेकायला दोन-चार लोड, खोळी घरी धुता येतील अशा. चार टेबलांपैकी दोन ठेव, नकाशा उघडायला आणि लिहायला टेबल लागतंच. खाली बसायचं म्हणजे चपला बाहेर, आणि ६० जोड दारात म्हणजे तास सुटताना चेंगराचेंगरी, तेव्हा चपलांची मांडणी व्हरांड्यात, दारापासून लांब. हे रेंडरमध्ये कुणी दाखवत नाही.

दिव्याचं एक. ट्यूब रॅकच्या समोर, रॅकला समांतर लाव, म्हणजे उजेड पुस्तकाच्या कण्यावर पडतो. वाचायच्या जागी ३०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास मिळाला की पुष्कळ, मोबाईलवर मोजता येतो, अगदी तंतोतंत नाही पण अंदाज येतो. रंगीत दिवे गणपतीत.

आणि ज्यासाठी लायब्ररी खरी अडते ते म्हणजे देवघेव. तास ३५ मिनिटांचा. ६० मुलं. एका मुलाची रजिस्टरला नोंद करायला ४० सेकंद धर, झाली ४० मिनिटं, म्हणजे तास संपला तरी सात-आठ मुलं रांगेतच आणि वाचलं कुणीच नाही! माझी पहिली पाच-सहा वर्षं अशीच गेली, मी मान वर करून बघितलंच नाही की पोरं काय नेतायत. मग जुनीच पद्धत केली, पुस्तकाच्या शेवटच्या पानाला कागदी खिसा, खिशात कार्ड. मूल कार्डावर स्वतःचा हजेरी नंबर आणि तारीख लिहितं आणि वर्गाच्या डब्यात टाकतं. ६ वी ब चा डबा, त्यातली कार्डं म्हणजे ६ वी ब कडे असलेली पुस्तकं, संपला विषय. डब्यावर ग्रंथालय मंत्री बसवायचा, शाळेच्या मंत्रिमंडळात हे पद असतंच, त्याला नाहीतरी काम नसतं. मॅडमनाही कोणाकडे काय आहे ते एका नजरेत दिसतं, त्यांची निम्मी भीती तिथेच जाते. सॉफ्टवेअर नंतर कधीही घ्या. हे टेबल दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर, आणि बसल्या जागेवरून अख्खी खोली दिसली पाहिजे. तुझ्या प्लॅनमध्ये मॅडमचं टेबल कोपऱ्यात झाडामागे टाकलं असशील, खरं सांग.

डेवी लावू का विचारलंस. मेलविल डेवीने १८७६ मध्ये अमेरिकेत बसून ते केलं, आणि त्यात अमेरिकन साहित्याला अख्खा ८१०, इंग्रजीला ८२०, आणि आपली मराठी ८९१.४६, इतर भाषांच्या गर्दीत दशांश चिन्हाच्या पलीकडे. मराठी शाळेत हे लावलं तर निम्मी लायब्ररी एकाच नंबरावर येऊन बसते. मोठ्या ग्रंथालयात त्याला इलाज असतात, तुला १,८०० पुस्तकांत गरज नाही. मुलांच्या शब्दांत पाट्या कर, गोष्टी, भुताखेताच्या, कविता, प्राणी-पक्षी, आकाश, आपला इतिहास, मोठ्या माणसांची चरित्रं, करून बघा, असं. कण्यावर रंगीत स्टिकर, वाचायला सोपं-अवघड तेही ठिपक्याने. विज्ञानाच्या पाटीखाली बारीक ५०० आणि इतिहासाखाली ९०० लिहून ठेवलंस तर पुढे कॉलेजच्या लायब्ररीत गेल्यावर पोरं बिचकणार नाहीत, तेवढं डेवी बास. दाखल नंबर मात्र प्रत्येकावर हवाच, मोजणी त्यानेच होते.

रंग? फिका. कुठलाही. ६० हजारातले निदान २५ नवीन पुस्तकांना ठेव आणि ती निवडायला ज्यांच्या बोटांचे ठसे आहेत ना काचेवर, त्यांना घेऊन जा.

प्रश्न: मॅडम, मी माध्यमिक शाळेत शिक्षक असून ग्रंथालय माझ्याकडे आहे. निम्मी पुस्तकं जीर्ण आहेत, काही तर हात लावला की पापडासारखी तुटतात. काढून टाकायला मुख्याध्यापक तयार नाहीत, म्हणतात ऑडिटला काय सांगायचं. मीच गुपचूप रद्दीत दिली तर?
— एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर: सर, कृपा करा आणि गुपचूप काही करू नका. चांगल्या हेतूने केलेल्या रद्दीची पावती पुढे चोरीची म्हणून वाचली जाते. यासाठी निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदीतून रीतसर काढून टाकणं, हा राजमार्ग आहे, फक्त त्याला कागद लागतात म्हणून सगळे टाळतात.

आधी मोजणी करा. दाखल रजिस्टर घ्या, एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक दाखवायचं, तिसऱ्याने पेन्सिलीने टिक. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दोन शनिवार पुरतात. यादी तीन भागांत होते, चांगली, दुरुस्त होतील अशी, आणि जीर्ण किंवा कालबाह्य. तिसऱ्या यादीत दाखल नंबर, नाव, किंमत आणि कारण लिहा, आणि कारण नेमकं लिहा. नुसतं "जीर्ण" लिहिलं की ऑडिटवाले विचारतात, "वाळवी, पाने १ ते ४० नष्ट" लिहिलं की नाही विचारत. मग दोन-तीन शिक्षकांची समिती त्या पुस्तकांची प्रत्यक्ष पाहणी करून सह्या करते, यादी शाळा समितीपुढे जाते, ठराव होतो, वरची मंजुरी लागत असेल तर ती घ्यायची, आणि त्यानंतरच रजिस्टरला त्या त्या नंबरापुढे लाल शाईने "निर्लेखित", ठराव क्रमांक, तारीख. पुस्तकावरही शिक्का. रद्दीचे पैसे आले तर ते शाळेच्या खात्यात, पावतीसकट. तुमच्या लायब्ररीच्या नोंदी जर डेड स्टॉक रजिस्टरला असतील (काही शाळांत असतात, पुस्तक आणि टेबल एकाच रांगेत!) तर तिथेही तेच.

एक मात्र बघा. पापडासारखं तुटतंय म्हणून लगेच टाकू नका. शाळेचं जुनं हस्तलिखित, गावाचा इतिहास, एखाद्या जुन्या शिक्षकाने लिहिलेलं पुस्तक असं काही त्यात निघतं. ते बाजूला काढा, स्कॅन करा, आणि जपायची सोय नसेल तर जवळच्या जुन्या वाचनालयाला विचारा. आमच्याकडे १९६० च्या आसपासचे शाळेच्या वार्षिक अंकांचे गठ्ठे रद्दीच्या पोत्यातून मी स्वतः परत काढलेत, त्यात एका मुलाचा पोहण्यावरचा निबंध होता आणि तो मुलगा तेव्हा आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष होता. त्या दिवशी ठराव लगेच पास झाला.

आणि मुख्याध्यापकांना ऑडिटचीच भीती असेल तर वर पहिल्या उत्तरात केंद्राचा नियम सांगितलाय, त्यातच असंही आहे की २० हजारांपर्यंत पुस्तकं असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण मोजणी दरवर्षी करावी. ऑडिटला कागदावर काढून टाकलेलं पुस्तक खुपत नाही हो, कागदावर असलेलं पण कपाटात नसलेलं खुपतं.

प्रश्न: मी सातवीत आहे. आमची शाळा लहान आहे, दोन वर्गखोल्या आणि व्हरांडा. लायब्ररीला खोली नाही, ऑफिसमध्ये एक पत्र्याची पेटी आहे त्यात पुस्तकं आहेत. गुरुजी म्हणाले तुम्ही मुलांनी काहीतरी करा. काय करू?
— एक विद्यार्थी, ता. अकोले

उत्तर: बाळा, तुझ्या गुरुजींना माझा नमस्कार सांग, "काहीतरी करा" म्हणणारे गुरुजी फार कमी असतात.

खोली नाही म्हणून लायब्ररी नाही असं समजू नकोस. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानात ग्रंथालयं उभी केली. जिथे ग्रंथालय पोचत नाही तिथे लाकडी पेट्या भरून पुस्तकं पाठवायचे, एक पेटी वाचून झाली की ती परत आणि दुसरी गावात. आजही नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ग्रंथ पेट्या फिरवायचा उपक्रम आहे, एका पेटीत १०० पुस्तकं. तेव्हा पेटी म्हणजे कमीपणा नाही, पेटीचं झाकण बंद असणं वाईट.

असं कर. व्हरांड्यात जिथे पाऊस येत नाही त्या भिंतीला दोन सुतळ्या बांध, एक तुझ्या छातीशी, एक पहिलीतल्या मुलांच्या छातीशी. सकाळी शाळा भरताना पुस्तकं चिमट्याने टांगायची, सुटताना पेटीत. खाली सोपी, वर जरा मोठी. टांगायचं काम आठवड्याला दोघांकडे, पाळीने. वहीत फक्त नाव, पुस्तक, तारीख. पुस्तक फाटलं तर दंड नको, फाडणाऱ्यानेच चिकटवायचं, सेलोटेपने नाही (तो पिवळा पडून सुटतो), पातळ कागद आणि खळीने.

तुमच्या पेटीत पुस्तकं कमी असतील तर गुरुजींच्या मोबाईलवर बालभारतीच्या साइटवर किशोर मासिकाचे जुने अंक बघा, १९७१ पासूनचे आहेत आणि फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी आहेत, त्या प्रिंट करून वाटल्या तरी चालतं, त्यांचीच तशी परवानगी आहे. आणि गुरुजींना एक आठवण कर, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवं असं लिहिलंय, आणि सरकारी शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून लायब्ररीसाठी अनुदान असतं, शाळेच्या वर्गांप्रमाणे ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत. त्यांना माहीत असेलच, पण पुस्तकांची यादी तुम्ही मुलांनी करून त्यांच्या हातात दिली तर यंदा तुमच्या आवडीची येतील.

प्रश्न: माहेरच्या घरातली माझ्या शाळेच्या दिवसातली पुस्तकं गावच्या शाळेला द्यायची आहेत, पण काहींना कसर लागलीये. डांबरगोळ्या टाकून दिल्या तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नको, मुलं हाताळणार असतील तर डांबरगोळ्या नकोतच, वासाने डोकं दुखतं आणि खाऊ म्हणून तोंडात घालणारी महाभागही असतात. आधी पुस्तकं गच्चीत सावलीत उघडून झटका, मऊ ब्रशने पानांच्या सांध्यातली घाण काढा, कडक उन्हात नको, कागद कडक होतो. मग एकेक पुस्तक घट्ट झिपवाल्या पिशवीत घालून हवा काढून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार पानांवर पाणी धरतं. शाळेला देताना यादी करून द्या आणि त्यांनी नको म्हटलेली परत घ्या, रागवायचं नाही. आणि फ्रीजरमधल्या पिशव्यांवर मोठ्या अक्षरात "पुस्तक" लिहा, आमच्याकडे सासूबाईंनी मटार समजून एक उघडली होती.